ग्रुपवर बदनामी एकाने केली, कोर्टात कोण कोण उभं राहील?

विसाका इंडस्ट्रीज ही ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे बनवणारी कंपनी. ॲस्बेस्टॉसवर बंदी आणा अशी मागणी करणारा एक गूगल ग्रुप होता आणि त्यावर 2008 मध्ये या कंपनीविरुद्ध लेख आले. कंपनीने सिकंदराबादच्या दंडाधिकाऱ्यांपुढे अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आरोपी नंबर एक ग्रुपचा समन्वयक, म्हणजे ज्याच्या नावाने लेख आले तो. आरोपी नंबर दोन गूगल इंडिया.

गूगलचं म्हणणं थोडक्यात असं: लिहिलं त्याने, आम्ही काय केलं? शिवाय ही सेवा आम्ही भारतातले लोक चालवतच नाही, ती अमेरिकेतल्या मूळ कंपनीची आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. कंपनीने नोटीस पाठवून मजकूर दाखवून दिला, तरी गूगलने करंगळीसुद्धा हलवली नाही, अशा अर्थाचा शेरा त्या न्यायालयाने 2011 मध्ये मारला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे निकाल लागला 10 डिसेंबर 2019 ला. तो निकालही दोषी की निर्दोष असा नव्हता. खटला रद्द होणार नाही, सेवा नेमकी कोण चालवतं ते साक्षीपुराव्यात ठरवा, एवढंच न्यायालयाने सांगितलं. पोस्ट पडल्यापासून तोवर अकरा वर्षं झाली होती.

हेच लेख दोन वर्षं उशिरा, 2010 मध्ये आले असते, तर गूगलला बचावाची बरीच मोठी जागा मिळाली असती. का, ते समजलं की या विषयातलं निम्मं समजलं. पण त्याआधी बदनामी म्हणजे कायद्याच्या लेखी काय, हे पाहून घेऊ.

एखाद्याची लोकांतली पत खाली येईल असं विधान केलं आणि ते तिसऱ्या माणसापर्यंत पोचलं, की अब्रुनुकसानीचा प्रश्न उभा राहतो. तुम्ही मला खासगी मेसेजमध्ये "तू चोर आहेस" म्हणालात तर ती शिवी. सोसायटीच्या ग्रुपवर "सेक्रेटरीने टाकीच्या कामात पैसे खाल्ले" म्हणालात तर ते प्रसिद्ध करणं झालं. ग्रुपमध्ये चाळीसच माणसं आहेत, ग्रुप बंद आहे, असं म्हणून सुटका होत नाही. आपल्याकडे याला दोन वाटा आहेत. एक दिवाणी: नुकसानभरपाई मागा, मनाई हुकूम मागा. दुसरी फौजदारी: आधी भारतीय दंड संहितेचं कलम 499 आणि 500 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय आला. अब्रुनुकसानी हा गुन्हाच नको, असं सर्वोच्च न्यायालयात सांगून पाहिलं गेलं, पण 2016 मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या प्रकरणात न्यायालयाने तो कायम ठेवला.

यात एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. दिवाणी दाव्यात "मी लिहिलं ते खरं आहे" हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दुसरी गोष्ट: हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलिस ठाण्यात गेलात तर एनसी नोंदवून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील. अनेकांना तो टोलवाटोलवीचा प्रकार वाटतो, पण नुसत्या अब्रुनुकसानीपुरतं ते कायद्याला धरूनच असतं. जिची बदनामी झाली त्या व्यक्तीने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची असते.

लिहिणारा जबाबदार, यात वाद नाही. "मी नुसतं फॉरवर्ड केलं" म्हणणाऱ्याबद्दल मात्र लोकांची समजूत सपशेल चुकीची आहे. यूट्यूबर ध्रुव राठी यांचा एक व्हिडिओ अरविंद केजरीवाल यांनी 2018 मध्ये ट्विटरवर पुढे पाठवला. त्यावरून निघालेलं समन्स रद्द करायला दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये नकार दिला. बदनामीकारक मजकूर रिट्वीट करणं हेही प्रसिद्ध करणंच, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वकिलांनी, व्हिडिओ पुढे पाठवणं ही चूक होती, असं सांगून टाकलं. पाठवणारा मुख्यमंत्री होता, त्याला लाखो लोक वाचतात, याला त्या निकालात वजन होतं हे खरं. तरी "फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड" लिहिल्याने अंगाला काही लागत नाही, ही कल्पना सोडून द्यावी.

मधला माणूस

खरा गुंता मधल्याचा आहे. मजकूर त्याचा नाही, पण जागा त्याची. या गुंत्याची पहिली ठळक गाठ अमेरिकेत पडली आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. फोनच्या तारेवरून कॉम्प्युसर्व्ह, प्रॉडिजी अशा कंपन्यांच्या चर्चाफलकांवर लोक जात. कॉम्प्युसर्व्हवर दुसऱ्याच कोणी चालवलेल्या एका बातमीपत्रात एका स्पर्धकाची बदनामी झाली. 1991 मध्ये न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयाने कॉम्प्युसर्व्हला सोडलं. कंपनी मजकूर वाचत नाही, तपासत नाही. ग्रंथालय किंवा पुस्तकविक्रेत्यासारखीच ती आहे, आत काय लिहिलंय हे ठाऊक असल्याशिवाय तिला धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

प्रॉडिजीचं उलट. ती स्वतःला घरातल्या सगळ्यांना चालेल अशी सेवा म्हणवत असे. तिने नियम केले होते, शिवीगाळ गाळणारं सॉफ्टवेअर ठेवलं होतं, फलकांवर देखरेख करणारी माणसं नेमली होती. ऑक्टोबर 1994 मध्ये तिच्या 'मनी टॉक' फलकावर कोणीतरी स्ट्रॅटन ओकमाँट या शेअर दलाल कंपनीला घोटाळेबाज म्हटलं. दलाल कंपनीने 20 कोटी डॉलरचा दावा ठोकला. 1995 मध्ये न्यू यॉर्कच्या राज्य न्यायालयाने निकाल दिला: तुम्ही मजकुरावर ताबा ठेवता, काढता, गाळता, म्हणजे तुम्ही वर्तमानपत्राच्या संपादकासारखे प्रकाशक आहात, आणि प्रकाशक जबाबदार.

म्हणजे ज्याने कचरा तसाच पडू दिला तो सुटला, आणि ज्याने झाडू हातात घेतला तो अडकला. (याच स्ट्रॅटन ओकमाँटला पुढच्याच वर्षी शेअर दलालांच्या नियामक संस्थेने बाहेर काढलं, आणि तिच्या संस्थापकांनी 1999 मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. पण फलकावर लिहिणाऱ्याला त्याचं श्रेय द्यायला उशीर झाला होता; प्रॉडिजी माफी मागून केव्हाच मोकळी झाली होती.)

हा उलटा न्याय दुरुस्त करायला अमेरिकन संसदेने 1996 मध्ये कलम 230 आणलं. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक म्हणून सेवा चालवणाऱ्याला धरायचं नाही, आणि त्याने चांगल्या हेतूने काही काढलं तरी ते संरक्षण जात नाही. तिथल्या न्यायालयांनी याचा अर्थ इतका रुंद लावला, की नोटीस देऊन मजकूर दाखवला तरी कंपनी जबाबदार होत नाही.

भारत त्या टोकाला गेला नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जुनं कलम 79 फारच तोकडं होतं. ते संरक्षण द्यायचं ते फक्त त्याच कायद्याखालच्या गुन्ह्यांपासून. अब्रुनुकसानी दंड संहितेत, म्हणजे त्या छत्रीच्या बाहेर. मग 2004 मध्ये बाझी डॉट कॉमचं प्रकरण घडलं. एका वापरकर्त्याने या लिलावाच्या संकेतस्थळावर अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि पोलिसांनी कंपनीच्या प्रमुखालाच अटक केली. देशभर गदारोळ झाला. 2008 च्या दुरुस्तीने कलम 79 नव्याने लिहिलं गेलं आणि ते 27 ऑक्टोबर 2009 ला लागू झालं.

आता विसाकाचं कोडं सुटतं. लेख 2008 चे, नवं कलम 2009 चं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जुन्या कलमात अब्रुनुकसानीपासून संरक्षण नव्हतंच आणि नवं कलम मागच्या तारखेने लागू होत नाही. त्या तारखेनंतरच्या पोस्टला मात्र इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी मध्यस्थाला संरक्षण आहे, दिवाणीत आणि फौजदारीतही. मध्यस्थ हाच कायद्यातला शब्द: फेसबुक, यूट्यूब, एखादं चर्चास्थळ, ग्राहकांचे अभिप्राय छापणारं ॲप, सगळे त्यात आले.

हे संरक्षण अटींवर आहे. मजकूर तुम्ही सुरू केलेला नसावा, तो कोणाला जाणार हे तुम्ही निवडलेलं नसावं, त्यात फेरफार केलेला नसावा, सरकारने ठरवून दिलेली काळजी घेतलेली असावी, आणि कटात सामील नसावं. सगळ्यात महत्त्वाची अट शेवटची: बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर तो चटकन काढला पाहिजे.

माहिती मिळाली म्हणजे कधी?

इथून गोष्ट पालघरला जाते. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं हा गुन्हा ठरवणारं कलम. खटला पुढे बंद झाला, पण त्या अटकेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 24 मार्च 2015 ला न्यायालयाने 66 अ रद्द केलं. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

त्याच निकालाच्या शेवटच्या भागात कलम 79 बद्दल जे ठरलं, त्याचा परिणाम मला तरी जास्त खोलवरचा वाटतो. न्यायालय म्हणालं: गूगल, फेसबुक यांच्याकडे लाखो विनंत्या येणार, यातली खरी कोणती आणि नुसती गळचेपी कोणती हे कंपनीने ठरवावं ही अपेक्षा धरता येत नाही. म्हणून "प्रत्यक्ष माहिती" म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी यंत्रणेची अधिसूचना. तुम्ही, मी, आपल्या वकिलांनी पाठवलेली नोटीस ही त्या अर्थाने माहिती नव्हे. विसाकाच्या खटल्यात ज्या करंगळीवरून उच्च न्यायालय चिडलं होतं, ती न हलवायची मुभा आता कायद्यानेच दिली.

हे बरोबर की चूक? गावातल्या डॉक्टरबद्दल कोणीतरी खोटं नाव घेऊन "याने पेशंट मारला" असं लिहिलं, तर ते उतरवायला त्या डॉक्टरने आधी न्यायालयातून आदेश आणायचा, हे ऐकायला अन्यायाचं वाटतं. दुसरी बाजूही बघा. नोटिशीवर पोस्ट उतरवायची सक्ती असती, तर सगळ्यात आधी नोटिसा कोणाच्या निघाल्या असत्या? फ्लॅटचा ताबा रखडवणाऱ्या बिल्डरच्या, शिकवणीच्या जाहिरातबाज क्लासच्या, रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या पुढाऱ्याच्या. नोटीस पाठवायला वकिलाचं लेटरहेड पुरतं. पोस्ट टाकणाऱ्या ग्राहकाला तर विचारलंही गेलं नसतं. मला न्यायालयाचा मार्ग पटतो. त्याची किंमत सामान्य माणसालाच मोजावी लागते हेही तितकंच खरं, कारण आपल्याकडे हुकूम मिळायला लागणारा वेळ पोस्ट पसरायला लागणाऱ्या वेळाहून कितीतरी जास्त असतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनी प्रत्येक मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर मजकूर काढायला मुदत घालून दिली. नियम आले तेव्हा ती 36 तासांची होती. या नियमांत वारंवार दुरुस्त्या होतात, म्हणून मुदत नेहमी ताज्या प्रतीतच पाहावी. ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीने एक बारीक पण मोलाचा बदल केला: कंपन्यांनी कोणता मजकूर येऊ द्यायचा नाही त्या यादीतून बदनामीकारक मजकुराचा उल्लेखच काढला. बदनामी झाली की नाही ते न्यायालय ठरवेल, असं सरकारचं स्पष्टीकरण. आणि प्रॉडिजीला नडलेला पेच आपल्या नियमांत आधीच सोडवलेला आहे: तक्रारीवरून किंवा स्वतःहून पोस्ट काढली म्हणून कलम 79 चं संरक्षण जात नाही.

ॲडमिनचं काय?

आता ज्यासाठी बहुतेक लोक हा लेख वाचत असतील तो प्रश्न. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, सोसायटीचा, भिशीचा ग्रुप तुम्ही उघडलात. कोणीतरी कोणाबद्दल काहीतरी लिहिलं. तुमची मान अडकते का?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या पोलिसांनी 2016 मध्ये एका व्हॉट्सॲप ॲडमिनवर गुन्हा नोंदवला होता. ग्रुपमधल्या एकाने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली होती. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, हा ॲडमिनवरचा आरोप. कलमं अब्रुनुकसानीची नव्हती, पण मुद्दा तोच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 ला तो गुन्हा रद्द केला. ॲडमिनच्या हातात काय असतं? माणूस घेणं आणि काढणं. मेसेज पडण्याआधी तो वाचू शकत नाही, अडवू शकत नाही. दोघांचा मिळून काही बेत होता हे दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला धरता येणार नाही. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये, थेट अब्रुनुकसानीच्याच दाव्यात, ॲडमिनला जबाबदार धरणं म्हणजे बदनामीकारक बातमी छापलेल्या वर्तमानपत्राचा कागद बनवणाऱ्याला जबाबदार धरण्यासारखं आहे, असं म्हटलं. पण त्याच निकालात एक वाक्य आहे त्याकडे ॲडमिन मंडळींनी नीट पाहावं: प्रत्येक विधान ॲडमिनच्या मंजुरीनंतरच प्रसिद्ध होतं, अशी इथे स्थिती नाही.

म्हणजे जिथे तशी स्थिती आहे तिथे? फेसबुक ग्रुपवर "पोस्ट अप्रूव्हल" चालू असतं. पोस्ट रांगेत येते, तुम्ही वाचता, बटण दाबता, मग ती दहा हजार लोकांना दिसते. इथे "मला दिसलंच नाही" हा बचाव उरत नाही आणि "माझ्या हातात नव्हतं" हाही नाही. व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला वाचवणारे दोन्ही आधार तुम्हीच काढून घेतलेले असतात. मंजुरी ठेवू नका असं मी म्हणत नाही. मोठे ग्रुप तिच्याशिवाय चालणारही नाहीत. पण मंजूर करणारा नुसता व्यवस्थापक नसतो. आणि वादग्रस्त पोस्टखाली ॲडमिनने स्वतः टाळ्यांची इमोजी टाकली, ती पोस्ट वर पिन केली, तर तो दुसऱ्याच्या शब्दांचा नाही, स्वतःच्या कृतीचा हिशेब देत असतो.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची पानं सांभाळणाऱ्यांनी भारतातले हे निकाल आपल्याला लागू समजू नयेत. न्यू जर्सीत बसलेल्या ॲडमिनला कलम 230 चं कवच आहे. त्या कलमात सेवा चालवणाऱ्याबरोबर ती वापरणाऱ्याचाही उल्लेख आहे. सिडनीत चित्र अगदी वेगळं. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 सप्टेंबर 2021 ला व्होलर प्रकरणात ठरवलं, की वृत्तसंस्थांनी फेसबुक पान उघडून लोकांना लिहायला बोलावलं, म्हणून लोकांच्या कॉमेंटच्या त्याही प्रकाशक आहेत, त्यांनी त्या वाचल्या असोत वा नसोत. त्यानंतर सीएनएनने ऑस्ट्रेलियात आपलं फेसबुक पानच बंद केलं. न्यू साउथ वेल्सने जुलै 2024 पासून मध्यस्थांना काही नवे बचाव दिले, पण मूळ धक्का ओसरलेला नाही.

ज्याची बदनामी झाली त्याने काय करायचं? पोस्ट उतरवायला धावण्याआधी ती जपा. लिंक, तारीख, वेळ, नाव दिसेल असं सगळं ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटची छापील प्रत कोर्टात टिकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात आता तज्ज्ञाच्या सहीचा वेगळा भाग आहे. मग लिहिणाऱ्याला नोटीस, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला तक्रार. कंपनी बांधील नसली तरी तिच्या स्वतःच्या नियमांत बसलं तर ती पोस्ट काढू शकते, आणि बऱ्याचदा काम इथेच होतं.

लिहिणारा बेनामी असेल तर "अशोक कुमार" नावाच्या माणसावर दावा लावता येतो. हा अशोक कुमार कोणीच नसतो. अज्ञात प्रतिवादीसाठी आपल्या न्यायालयांनी रूढ केलेलं ते नाव. मग न्यायालय कंपनीला त्या खात्याची माहिती द्यायला सांगू शकतं. ती सहज मिळते असं मात्र नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने 2024 मध्ये विकिपीडियावरच्या आपल्याविषयीच्या मजकुरावरून दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा केला. तेव्हा संपादन करणाऱ्या तिघांची ओळख उघड करण्यावरूनच मोठा झगडा झाला, आणि शेवटी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेनेच त्यांना समन्स पोचवावं अशी तडजोड निघाली.

आणि कॅलेंडर पाहत राहा. नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत एकच वर्षाची आहे. पोस्ट अजून दिसतेय, म्हणजे रोज नव्याने बदनामी होतेय, हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये फेटाळला. वर्ष मोजायचं ते पोस्ट पहिल्यांदा पडली तेव्हापासून; तीच गोष्ट मुद्दाम नव्या वाचकांसाठी पुन्हा प्रसिद्ध केली, तर मुदत नव्याने सुरू होऊ शकते. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं मिळतात.